वडिलांचं कपाट, बावन्न पुस्तकांची यादी आणि दुपारची वीस मिनिटं

आदरणीय काका,

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे. वय अडतीस. राहायला पूर्व भागात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मात्र माझी मराठी झाली आणि वाचनाची गोडी वडिलांमुळे मराठीतच लागली. वडील कापडमिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर दुसऱ्याच्या मागावर कापड विणायला गेले, पण वाचनालयाचं कार्ड त्यांनी कधी सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं पुस्तकांचं कपाट भावाने पुण्याला न्यायला जागा नाही म्हणून माझ्याकडे पाठवलं. मोजली, एकशे ऐंशी पुस्तकं आहेत.

माझा दिवस असा : सकाळी डबे, लेकीची शाळा, पाणी येणार असेल त्या दिवशी भरणं, साडेनऊ ते साडेसहा कारखाना. सासूबाई घरी विड्या वळतात, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं मिळतात. रात्री पुस्तक घेतलं की दुसऱ्या पानावर डोळा लागतो.

ऑफिसच्या ग्रुपवर ‘वर्षात बावन्न पुस्तकं’ असं चाललंय. एकीने यादी टाकली, त्यातली यशस्वी होण्याबद्दलची चार मी घेतली. एक अर्धं वाचून पडलंय, तीन तशीच. मागच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना त्यातलंच एक उघडलं होतं, तर लेक विचारते, ‘आई, हुतात्मा म्हणजे कोण गं? आपल्याकडे चार पुतळे आहेत तेच का?’ मला धड सांगता आलं नाही. असो.

काका, आयुष्यात अशी किती पुस्तकं वाचून होणार? वडिलांची तशीच ठेवली तर त्यांना विसरल्यासारखं वाटतं, नवी वाचली नाहीत तर मागे पडल्यासारखं. तुम्ही इतकी वर्षं पुस्तकांत काढलीत. वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकांची यादी द्याल का? म्हणजे बाकीची सोडून देता येतील.

— तुमची एक वाचक

*

ताई,

यादी मी देणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत तिची वाट बघायला नको.

शहरातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे माझी एकतीस वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात मी मोठ्या हौसेने एक तक्ता केला होता. ‘वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं’, लाल-निळ्या शाईत, सुबक अक्षरात. टेबलाशेजारच्या खांबावर लावला. नर्सिंग शिकणारी एक मुलगी यायची, तिने तो तक्ता वहीत उतरवून घेतला आणि एक नंबरापासून वाचायला घेतलं. तीन पुस्तकं झाली. चौथी एक जाडजूड कादंबरी होती. ती तिने एकदा मुदत वाढवून घेतली, दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदाही घेतली. मग एक दिवस तिचा धाकटा भाऊ ते पुस्तक आणि अनामतीची पावती घेऊन आला. म्हणाला, ‘ताईने सांगितलंय, तिला वाचन जमत नाही, पैसे परत द्या.’

मी पैसे परत दिले. त्या मुलीला वाचन छान जमत होतं. माझी चौथी कादंबरी तिला जमत नव्हती. ड्यूटी आणि अभ्यासातून उरलेल्या वेळात काय वाचावंसं वाटतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तक्ता काढला. त्यानंतर कोणी ‘चांगलं पुस्तक द्या’ म्हणालं, की मी आधी त्या माणसाशी पाच मिनिटं बोलायला लागलो.

तुमच्याशीही तसंच बोलतो. आधी हिशेब करू, तो तुमच्याच प्रांतातला आहे.

दुपारची वीस मिनिटं धरा. रात्रीचा भरवसा नको. एका पानाला दोन मिनिटं लागतात असं समजा. एकदा घड्याळ लावून स्वतःचा वेग बघा, कमी-जास्त असेल. म्हणजे दिवसाला दहा पानं. वर्षातले शंभर दिवस सोडून द्या. संक्रांत आणि गड्ड्याची जत्रा, लेकीची परीक्षा, मार्चएंड, आजारपण, रविवार. उरलेल्या दोनशे पासष्ट दिवसांत दोन हजार सहाशे पन्नास पानं. दोनशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाला तेरा पुस्तकं होतात. अशी तीस वर्षं मिळाली तर जवळपास चारशे.

चारशे हा आकडा मला मोठा वाटतो. अर्धं कपाट भरून जाईल इतक्या जिवलगांची ओळख होईल त्यात. पण त्याच हिशेबाने वडिलांच्या एकशे ऐंशी पुस्तकांना तुमची चौदा वर्षं लागतील आणि त्या चौदा वर्षांत दुसरं एकही पुस्तक हाती घेता येणार नाही. बावन्नची गोष्ट तर सोडाच. ती चार वर्षांची पुस्तकं एका वर्षात कोंबायची गोष्ट आहे. तेव्हा सोडणं तर आहेच. सोडायचं कशाच्या आधारावर, एवढंच ठरवायचं.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, त्याच्यापुढे तुम्ही ‘असो’ लिहिलंय. मला सगळ्या पत्रात तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुमच्या पोरीने गाडीत प्रश्न विचारला, तुम्हाला उत्तर आलं नाही आणि महिना झाला तरी ते तुमच्या मनातून गेलेलं नाही. गेलं असतं तर पत्रात आलं नसतं. ताई, तुमचं पुढचं पुस्तक तिथे आहे.

थोडक्यात उत्तर मी देतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उसळलं. गोळीबार झाला, जाळपोळ झाली आणि सरकारने शहरावर मार्शल लॉ लावला. पुढे खटला चालला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तुमच्या लेकीने पाहिलेले चार पुतळे त्यांचेच.

आता बघा, एवढं कळलं की लगेच पुढचं विचारावंसं वाटतं. अटकेची बातमी तर देशभर गेली होती, मग मार्शल लॉ सोलापुरात का लागला? एवढी माणसं रस्त्यावर आली ती कोण होती? या शहरात १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून, कर्नाटकातून, दुष्काळी खेड्यांतून माणसं इथे आली. तुमच्या आजोबा-पणजोबांचं घराणं कधी, कसं इथे आलं असेल? म्हणजे लेकीने विचारला हुतात्म्यांचा प्रश्न आणि तो धरून चालत गेलात तर तुम्ही तुमच्या वडिलांच्या मिलच्या दारात पोचता. ऑफिसच्या ग्रुपवरची कुठलीही यादी तुम्हाला तिथे नेणार नाही, कारण ती करणाऱ्याला तुमचे वडील माहीत नाहीत.

वेळ कमी असला की मी पुस्तक असं निवडतो : सध्या मनात काय अडकून बसलंय ते आधी बघायचं. कधी तो पोरीचा प्रश्न असतो, कधी घरातलं एखादं आजारपण, कधी शेजाऱ्याशी झालेला वाद, कधी नुसतीच एखादी ओळ. अडकलेली गोष्ट असली की वीस मिनिटं पुरतात, कारण उरलेला दिवसभर डोकं त्याच्याभोवतीच फिरत असतं. टॉवेलच्या पावत्या लावतानासुद्धा. आणि अडकलेलं काही नसताना उचललेलं पुस्तक, कितीही थोर असलं तरी, दुसऱ्या पानावर झोप आणतं. रात्री तुम्हाला झोप येते त्यात दमणूक आहेच, पण हाती कुठलं पुस्तक होतं तेही आठवून बघा.

प्रश्नामागे जाताना एकदम चारशे पानांचा ग्रंथ घेऊ नका. आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला तोच विश्वकोश. आता फोनवरही फुकट वाचता येतो. एक डबा संपेपर्यंत एक नोंद होते. तेवढ्याने समाधान झालं तर उत्तम, एका पुस्तकाचा वेळ वाचला. नाही झालं तर शनिवारी वाचनालयात जा. आपल्याकडे हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत, सोलापूरच्या इतिहासावरचं कपाट मागा. दोन-तीन पुस्तकं काढून उभ्या उभ्या अनुक्रमणिका बघा आणि ज्या प्रकरणासाठी आलात तेवढंच प्रकरण वाचायला घ्या. माहितीच्या पुस्तकात एक प्रकरण वाचून पुस्तक परत केलं तर त्यात अर्धवटपणा नाही.

आणि टेबलामागच्या माणसाला विचारा. संकोच करू नका. रंगनाथन म्हणून मद्रासला मोठे ग्रंथपाल होऊन गेले. त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. आमच्या धंद्याचं ते कामच आहे. तुम्ही ‘चांगलं काहीतरी द्या’ म्हणालात तर समोरचा गोंधळतो. ‘माझी सहावीतली मुलगी असं विचारते, मला तिला सांगायचंय’ म्हणालात तर तो खुर्चीतून उठतो. मी तरी उठायचो.

आता सगळंच वाचन काही प्रश्नांतून येत नाही. गोष्टीसाठी गोष्ट वाचावीशी वाटते, वाटलीच पाहिजे. तिथे निवडायचं कसं, हे मला एका विणकरानेच शिकवलं.

साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. पांढरा पायजमा, सदरा, पुस्तक कायम वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. आठवड्यातून एकदा मागाला सुट्टी असेल त्या दिवशी यायचे आणि कादंबऱ्यांच्या रॅकपुढे उभे राहायचे. पुस्तक काढायचं, मुखपृष्ठ बघायचं नाही, मागचा मजकूर वाचायचा नाही. बरोबर मधे उघडायचं. बोट ठेवून एक पान वाचायचे, ओठ हलायचे वाचताना. मग एक तर परत ठेवायचे, नाही तर काखेत मारायचे. वर्षभर मी हे बघितलं आणि न राहवून विचारलं, ‘सुरुवात का वाचत नाही तुम्ही?’

ते म्हणाले, ‘सुरवात सगळेच चांगली करतेत की साहेब. चादरीची किनार बघून कोणी चादर घेतं का? घडी उलगडायची, मधे हात फिरवायचा. धागा तुटला, गाठ मारली, ते सगळं तिथं लागतं हाताला.’

मी घरी जाऊन तसं करून बघितलं आणि आजतागायत तसंच करतो. मधलं पान लेखकाने कोणाला खूश करायला लिहिलेलं नसतं. तिथली वाक्यं तुम्हाला ओढून घेत असतील, या माणसांचं पुढे काय होणार असं वाटत असेल, तर पुस्तक घ्यावं. वाक्यं पायात येत असतील तर ठेवून द्यावं, मग त्यावर कितीही पुरस्कारांची नावं छापलेली असोत. दोन मिनिटांचं काम आहे. मधल्या पानाने गोष्ट फुटेल अशी भीती वाटत असेल तर रहस्यकथेपुरती ही रीत बाजूला ठेवा.

त्या गृहस्थांबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. वर्षातून एकदा ते जुनंच एक पुस्तक पुन्हा न्यायचे. दाखल नंबर मला पाठ झाला होता. पुन्हा वाचणं हे वेळ थोडा असणाऱ्याने करू नये असं सगळ्यांना वाटतं. माझं मत उलट आहे. वेळ थोडा असेल तर खात्रीच्या घरी जाण्यात काय चूक?

मधलं पान आवडूनही पुस्तक पुढे अडेल. तेव्हा तीस पानांपर्यंत चला. तुमच्या मापाने तीन दुपारी. चौथ्या दुपारी डबा उघडताना पुस्तकाची आठवण झाली नाही तर ते परत करा. ते वाईट आहे असा निकाल द्यायची गरज नाही, दहा वर्षांनी पुन्हा भेटेल. मी पस्तिशीत सोडलेली दोन पुस्तकं साठीनंतर वाचली आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचावीशी वाटली. लहानपणी ताटात टाकायचं नाही हे आपल्यावर इतकं बिंबवलेलं असतं की आपण पुस्तकही तसंच संपवायला बघतो. पण ताटातलं टाकलं तर अन्न वाया जातं. पुस्तक ठेवून दिलं तर ते जसंच्या तसं राहतं, दुसऱ्या कोणाची भूक भागवतं.

यशस्वी होण्याबद्दलची ती चार पुस्तकं. त्यांवर जास्त शाई घालवत नाही. चारही बाहेर काढा, अनुक्रमणिका वाचा, तुमच्या कामाचं एखादं प्रकरण दिसलं तर तेवढं वाचा आणि चारही ऑफिसमध्ये ज्याला हवीत त्याला देऊन टाका. या जातीच्या बहुतेक पुस्तकांत वीस पानांचा ऐवज दोनशे पानांत घातलेला असतो, असं मी वर्षानुवर्षं बघत आलोय. ग्रुपवर आकडा टाकायचा असेल तर खुशाल चार टाका.

आता कपाट. यावर मी जास्त वेळ विचार केला.

एखाद्या रविवारी दुपारी लेकीला घेऊन त्या कपाटापुढे खाली बसा. वाचायला नको, नुसतं बघायला. एकेक पुस्तक हातात घ्या, पाठ धरून उलटं करा आणि पानं हलकेच फडफडवा. काय पडतं ते बघा. वाचणाऱ्या माणसाच्या पुस्तकातून काहीतरी पडतंच. एसटीचं तिकीट, पगाराची चिठ्ठी, देवळातली अंगाऱ्याची पुडी, औषधाच्या कागदाचा तुकडा. परत आलेल्या पुस्तकांतून निघालेल्या अशा चिठ्ठ्या मी एका डब्यात साठवायचो, मालक विचारायला आला तर द्यायला. तुमच्या वडिलांची खूण कुठल्या पानावर आहे, कुठे पेन्सिलीची रेघ आहे, कुठल्या पुस्तकाची पाठ वापरून वापरून सैल झालीय आणि कुठल्याची पानं अजून कोरी करकरीत आहेत, हे तुम्हाला तासाभरात कळेल.

माझा अंदाज सांगतो. एकशे ऐंशीतली बरीचशी त्यांनीही वाचलेली नसतील. काही कोणी भेट दिली असतील, काही रद्दीच्या दुकानात जीव तुटून उचललेली, काही निवृत्तीनंतर वाचू म्हणून ठेवलेली. हे कळलं की तुमच्या मनावरचं ओझं थोडं हलकं होईल. कारण ती सगळी पुस्तकं म्हणजे वडील, असं तुम्ही धरून बसला आहात. ज्यांत त्यांच्या खुणा आहेत, ज्यांच्या पाठी सैल झाल्यात, अशी फार तर पंधरा-वीस निघतील. तेवढी वेगळी काढा, खालच्या कप्प्यात हाताशी ठेवा. त्यांनाही मधलं पान उघडायची रीत लावा, फक्त मधल्या पानाऐवजी त्यांनी रेघ मारलेलं पान उघडा. रेघेच्या वरचा परिच्छेद वाचा आणि खालचा वाचा. ही ओळ त्यांना का आवडली असेल, हा तुमच्या मनात अडकणारा प्रश्न होईल आणि मग ते पुस्तक आपोआप तुमचं होईल. नाही झालं, तर ती रेघ तेवढी बघून ठेवून द्या.

बाकीच्या पुस्तकांची घाई नको. पावसाळ्याआधी एकदा कपाट रिकामं करून पुसा, कसर लागलीय का बघा, भिंतीला ओल असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं हवेशीर सावलीत उघडी ठेवा, गच्चीवर टाकू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कागद तासाभरात पापडासारखा होतो आणि जुन्या पुठ्ठ्यांचा डिंक सुटतो. कडुनिंबाची पाला-पानं कोरडी करून मागे ठेवलीत तर चांगलं. वर्षभराने ज्यांना तुम्ही हात लावला नाहीत त्यांतली निवडून जवळच्या एखाद्या लहान वाचनालयाला विचारा. आधी विचारा, थेट नेऊन टाकू नका. त्यांच्याकडे जागा असते असं नाही आणि काय हवं ते तेच सांगू शकतात. देताना पहिल्या पानावर वडिलांचं नाव तुमच्या हाताने लिहा. मागावर काम करणाऱ्या माणसाने जमवलेली पुस्तकं त्याच वस्तीतल्या दुसऱ्या पोराच्या हातात गेली तर त्याला विसरणं म्हणत नाहीत, ताई.

वेळेचं आणखी एक. एकच पुस्तक सगळीकडे न्यायचा हट्ट धरू नका. दुपारच्या वीस मिनिटांना तुकड्या-तुकड्यांची पुस्तकं बरी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ घ्या, १९४९ सालची आहेत पण माणसं आपल्या सांगोल्याकडच्या बाजारात आजही भेटतील अशी. एकेक माणूस एकेका डब्यात पुरा होतो. दिवाळी अंकही याच कामाचे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाची ही सोय झालेली आहे : एका अंकात पंधरा-वीस लेखक चाखून बघता येतात. ज्याची कथा आवडली त्याचं पुस्तक पुढे मागायचं. वाचनालयात मागच्या वर्षीचे अंक निवांत मिळतात, ते कोणी भांडून नेत नाही.

जाड कादंबरी हुतात्मासाठी ठेवा. सकाळी साडेसहाला गाडी सुटली की पुण्यापर्यंत चार तास तुम्हाला कोणी पोळ्या मागत नाही. जाताना चार, येताना चार. दोन महिन्यांतून एकदा अशी आठ तासांची बैठक मिळणारी माणसं थोडी आहेत. फोनमधलं नेट त्या वेळात बंद ठेवता आलं तर बघा.

आणि रात्र. रात्री तुम्ही वाचूच नका, दमलेल्या डोळ्यांवर जुलूम होतो. तुमच्या लेकीला वाचू द्या, मोठ्याने. तुम्ही भांडी आवरत असाल, सासूबाई सूप मांडीवर घेऊन उद्याची पानं कापत असतील, तिने मधे बसून वाचायचं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची प्रकरणं म्हणून नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. रोज रात्री आश्रमातली मुलं जमतात आणि श्याम एक आठवण सांगतो. थोड्या वेळात, दमलेल्या माणसांनी एकत्र बसून ऐकायला मराठीत याहून बेतशीर पुस्तक मला माहीत नाही. तुमच्या घरी रोज एक रात्र वाचलीत तर दीड महिना जाईल. सासूबाईंना मराठी वाचता येत नसलं तरी ऐकून कळतं ना? न कळलेलं तुमची लेक तेलुगूत सांगेल. सांगताना ती अडेल, तुम्हाला विचारेल, सासूबाई एखादा शब्द पुरवतील. विड्या वळताना कान मोकळे असतात. मी वाचनालयात असताना अशा कित्येक बायका यायच्या, नातवंडांना पुस्तकं घ्यायला पाठवायच्या आणि परत करताना त्यांनाच गोष्ट पुरी माहीत असायची.

तुमच्या तेरा पुस्तकांच्या हिशेबात हे पुस्तक धरलेलंच नाही, हे लक्षात आलं का? ते वरकड आहे.

शनिवारी वाचनालयात जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या आणि बालविभागात तिचं नाव घाला, वर्गणी फार नसते. फॉर्मवर तिचं ती लिहील. हुतात्म्यांबद्दलचं पुस्तक तिलाच मागू द्या, टेबलापाशी, तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. प्रश्न तिचा आहे.

आणि वडिलांच्या पुस्तकांतून काय काय पडलं ते मला कळवा. मी वाट बघतो.

तुमचा,
काका